जर्मनीचा स्टुडंट व्हिसा आणि तिथला राहण्याचा परवाना: कोणतं काम कधी करायचं

मी २०२३ च्या ऑक्टोबरात सांगलीहून जर्मनीला मास्टर्ससाठी आले. गेल्या वर्षी मावसभावाची फाइल केली, म्हणजे त्याने फॉर्म भरले आणि मी रोज रात्री व्हिडिओ कॉलवर ते तपासले. दोन्ही वेळचा अनुभव सारखाच. यात अवघड असं फारसं काही नाही, पण एक कागद हातात आल्याशिवाय पुढचा मिळत नाही, आणि क्रम चुकला की महिना गेलाच म्हणून समजा. म्हणून कागदांची नुसती यादी देण्यापेक्षा क्रम लिहिते.

खाली दिलेल्या रकमा सध्याच्या आहेत. अर्ज करण्याआधी मुंबईच्या जर्मन वकिलातीच्या वेबसाइटवर एकदा ताडून बघा. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही मुंबईच्याच वकिलातीकडे येतात.

१. आधी कोणता व्हिसा ते ठरवा

तुमच्यासाठी साधारण तीन पर्याय आहेत. प्रवेशपत्र हातात असेल तर शिक्षणाचा व्हिसा. शंभरातल्या नव्वद जणांना हाच लागतो, आणि हा लेखही त्याबद्दलच आहे. प्रवेश अजून नक्की नसेल, तिथे जाऊन विद्यापीठ शोधायचं असेल, तर शिक्षणाच्या शोधासाठी वेगळा व्हिसा आहे. तो जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा मिळतो. खरं सांगायचं तर तेवढे पैसे अडकवून अनिश्चिततेत जाण्यापेक्षा घरी बसून प्रवेश मिळवलेला बरा. तिसरा व्हिसा नुसत्या जर्मन भाषेच्या कोर्ससाठीचा.

एक गोष्ट मात्र करू नका. "टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ" असं सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. भारतीय पासपोर्टवर हे होत नाही. शिक्षणासाठीचा राष्ट्रीय व्हिसा, ज्याला डी व्हिसा म्हणतात, तो इथूनच घेऊन जायचा असतो.

२. सगळ्या कागदांवरची नावं एका टेबलावर मांडून जुळवा

हे काम कुठल्याच यादीत नसतं, आणि आपल्याकडच्या मुलांचं घोडं सगळ्यात जास्त इथेच अडतं.

आपल्या दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, आणि स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात. इथपर्यंत ठीक आहे, क्रम बदलला तर कोणी हरकत घेत नाही. प्रश्न स्पेलिंगचा. माझ्या वडिलांचं नाव दत्तात्रय. मार्कशीटवर इंग्रजीत शेवटी एक 'ए' जास्त होता, पासपोर्टवर नव्हता. आयुष्यभर त्या 'ए'कडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मी नोटरीकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून प्रत्येक फाइलला जोडलं, आणि ते चाललं. पण आडनावच वेगळं असेल, किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल, तर प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्या किंवा पासपोर्टच दुरुस्त करा. त्याला वेळ लागतो, म्हणून हे सगळ्यात आधी.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आत्ताच भरून घ्या. जर्मनीत प्रत्येक फॉर्म आडनावापासून सुरू होतो.

३. एपीएस प्रमाणपत्र

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना हे बंधनकारक आहे. दिल्लीतलं एपीएस कार्यालय तुमच्या मार्कशीट आणि पदव्या खऱ्या आहेत का हे तपासून प्रमाणपत्र देतं. फी १८,००० रुपये. पीएचडीला जाणाऱ्यांना आणि जर्मन सरकारच्या पैशातून स्कॉलरशिप मिळालेल्यांना यातून सूट आहे.

बरेच जण हे व्हिसाच्या वेळी करायचं काम समजतात. तसं नाही. बहुतेक विद्यापीठं आणि त्यांच्या वतीने अर्ज तपासणारी युनि-असिस्ट ही संस्था प्रवेशाच्या अर्जासोबतच एपीएस मागतात. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, आणि अनेक ठिकाणी अर्जाची शेवटची तारीख १५ जुलै असते. पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्सची मुदत पुष्कळदा त्याच्या कितीतरी आधी, मार्च-एप्रिल-मेमध्ये संपते. म्हणजे एपीएसचा अर्ज डिसेंबर-जानेवारीत जायला हवा. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून मार्कशीट नि ट्रान्स्क्रिप्ट मिळवायला किती चकरा पडतात हे मी सांगायला नको. तेवढे दिवस हिशेबात धरा.

४. प्रवेश: "जर्मनीत शिक्षण फुकट" याचा नेमका अर्थ

थोडक्यात सांगते. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नसते, फक्त सत्र शुल्क असतं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्गकडे, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली. मास्टर्सला ती दर सत्राला ४,००० ते ६,००० युरो आहे. खासगी विद्यापीठांचा हिशेब तर पूर्ण वेगळा. एखादा एजंट स्वतःची फी न घेता तुमचं काम करत असेल आणि फक्त खासगी विद्यापीठांचीच नावं सुचवत असेल, तर त्याचे पैसे कुठून येतात हे विचारा.

५. ब्लॉक्ड अकाउंट

जर्मनमध्ये याला श्पेरकोंटो म्हणतात. तिथे एक वर्ष राहण्याचा खर्च तुमच्याकडे आहे हे दाखवायचं, आणि नुसतं दाखवून भागत नाही, तो आधीच एका खात्यात भरून ठेवायचा. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. युरो शंभर रुपयांचा धरला तरी बारा लाखांच्या आसपास. तिथे गेल्यावर दर महिन्याला ९९२ युरोच तुमच्या चालू खात्यात येतात. घाई असली तरी बाकीच्याला हात लावता येत नाही.

एक्सपॅट्रिओ, फिंटिबा, कोराकल अशा कंपन्या हे खातं ऑनलाइन उघडून देतात. उघडणं दहा मिनिटांचं काम. खरी कसोटी पैसे पाठवण्याची.

आमच्या बँकेच्या शाखेत परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म, म्हणजे ए-टू, पाहिलेला माणूस एकच होता आणि तो रजेवर होता. तो आल्यावर पैसे गेले खरे, पण मधल्या बँकेने आपलं शुल्क कापलं आणि खात्यात ठरलेल्या रकमेपेक्षा अठरा युरो कमी पोहोचले. लाखो रुपये जमा, आणि अठरा युरोंसाठी पुष्टीपत्र अडकलं! पुन्हा फॉर्म, पुन्हा शुल्क, पुन्हा चार दिवस. तेव्हा दोन गोष्टी करा. बँकेला सांगा की सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडूनच घ्या. आणि वर शे-सव्वाशे युरो जास्तच पाठवा. जास्तीचे कुठे जात नाहीत, तिथे तुम्हालाच मिळतात.

मोठी रक्कम बाहेर पाठवताना बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापू शकते. तो वेगळा खर्च नव्हे. ज्यांच्या खात्यातून पैसे गेले त्यांच्या आयकर विवरणात तो परत मागता येतो. वडिलांच्या खात्यातून पाठवत असाल तर त्यांच्या सीएला आधीच कल्पना द्या. शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर बँकेकडून तसं लेखी घ्या, नियम वेगळे लागतात.

६. व्हिसाचा अर्ज

मी गेले तेव्हा कागदांचा गठ्ठा घेऊन जावं लागायचं. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय व्हिसासाठी जर्मन परराष्ट्र खात्याचं कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टल आलं आहे. आधी तिथे फॉर्म भरून कागद अपलोड करायचे. ते प्राथमिक तपासतात, काही कमी असेल तर कळवतात, आणि त्यानंतर बोटांचे ठसे व मूळ कागद दाखवण्यासाठी प्रत्यक्ष जावं लागतं.

जवळ असायला हवेत ते कागद:

- पासपोर्ट, मुदत भरपूर शिल्लक असलेला आणि कोरी पानं असलेला
- बायोमेट्रिक फोटो, ३५ बाय ४५ मिलिमीटर. फोटोवाल्याला "जर्मनीचा" असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो आपला नेहमीचा पासपोर्ट साइज हातात ठेवतो
- विद्यापीठाचं प्रवेशपत्र
- एपीएस प्रमाणपत्र
- दहावीपासूनच्या मार्कशीट आणि पदवी
- भाषेचा पुरावा: इंग्रजी माध्यमासाठी आयईएलटीएस किंवा टोफेल, जर्मन माध्यमासाठी त्या पातळीचं प्रमाणपत्र
- ब्लॉक्ड अकाउंटचं पुष्टीपत्र, किंवा स्कॉलरशिपचं पत्र
- जर्मनीत पाऊल ठेवल्या दिवसापासूनचा आरोग्य विमा
- बायोडेटा आणि हेतुपत्र
- व्हिसा फी, ७५ युरोंइतके रुपये

हेतुपत्राबद्दल दोन शब्द. मावसभावाने पहिल्यांदा दाखवलेलं पत्र "लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण होतं" असं सुरू होत होतं. मी ते अख्खं खोडायला लावलं. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तुमचं बालपण नको असतं. त्याला तीनच गोष्टी बघायच्या असतात: आधी शिकलात त्याचा या कोर्सशी संबंध काय, हाच कोर्स आणि हेच विद्यापीठ का, आणि नंतर काय करणार. मध्ये वर्ष-दोन वर्षं रिकामी असतील तर ती लपवू नका, काय केलं ते एका ओळीत लिहा. भाऊ आठ महिने घरच्या हार्डवेअरच्या दुकानात बसला होता. तेच लिहिलं, काही बिघडलं नाही.

निर्णयाला काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. पूर्वी व्हिसा नाकारला तर वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे. आता एकतर नव्याने अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं. त्यामुळे "बघू, नाही झालं तर अपील करू" हा विचार डोक्यातून काढा. पहिलीच फाइल पूर्ण हवी.

पासपोर्ट परत आला की काउंटरवरच व्हिसाचं स्टिकर वाचा. नावाचं स्पेलिंग, आणि कोणत्या तारखेपासून लागू. त्या तारखेच्या आदल्या दिवशीही जर्मनीत उतरता येत नाही, आणि स्वस्त तिकीट आधीच काढून ठेवणारे इथेच फसतात. शेवटची तारीखही पाहा. हा व्हिसा बहुधा काही महिन्यांचाच असतो. पुढचा परवाना तिथे जाऊन काढायचा.

७. घर, नोंदणी आणि पत्रपेटी

जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या नागरिक कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. पुढचं सगळं याच कागदावर उभं असतं. त्यासाठी पासपोर्ट आणि घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. त्या पत्राचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. एका दमात म्हणता नाही आलं तरी चालेल, लिहून नेऊन दाखवा. नुसता भाडेकरार दाखवून काम होत नाही.

म्हणून घर ठरवताना पहिला प्रश्न भाड्याचा नाही. "इथे आनमेल्डुंग करता येईल का?" हा विचारायचा. काही लोक पोटभाडेकरू ठेवतात आणि नोंदणीला नाही म्हणतात. अशी खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. आणि "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअर करतो" असा मेल आला तर तो सरळ डिलीट करा. विद्यार्थी वसतिगृहासाठी श्टुडेंटेनवेर्कच्या, म्हणजे ही वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थेच्या, यादीत प्रवेशपत्र मिळाल्या दिवशीच नाव घाला. काही शहरांत एक-दोन सत्रं थांबावं लागतं.

आता पत्रपेटी. मी राहायला गेले त्या इमारतीच्या दारात सोळा पेट्या होत्या, प्रत्येकीवर आडनावाची पट्टी. खोली क्रमांक कुठेच नाही. पहिले तीन आठवडे मला एकही पत्र आलं नाही आणि मी खूश होते की कामं सुरळीत चालली आहेत. मग विमा कंपनीचा मेल आला की तुमचं कार्ड "असा कोणी इथे राहत नाही" म्हणून परत आलंय. तिथला पोस्टमन फक्त पेटीवरचं आडनाव बघतो. बँकेचं पिन, कराचा क्रमांक, परदेशी कार्यालयाची तारीख, सगळं पोस्टाने येतं. मी त्याच संध्याकाळी पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने आडनाव लिहून पेटीवर लावलं. दुसऱ्या दिवशी दोन पाकिटं. तुम्ही हे सामान उघडण्याआधी करा. पासपोर्टवर आडनाव जसं आहे अगदी तसंच.

पत्ता नोंदला की रेडिओ-टीव्ही शुल्काचंही पत्र येतं, महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरावं लागतं, पण ते घरटी एकच. चौघं मिळून राहत असाल तर एकाने भरायचं आणि बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. पत्राकडे दुर्लक्ष केलं तर थकबाकी साचत जाते.

८. आरोग्य विमा

तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना सरकारी योजनेतला विमा मिळतो, महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास. खासगी विमा स्वस्त दिसतो. पण एकदा सरकारी विम्यातून सूट घेतलीत की त्या शिक्षणाच्या काळात परत येता येत नाही. महिन्याचे पन्नास-साठ युरो वाचवायला गेलेले माझ्या वर्गातले दोघे दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर पस्तावले. तिशीच्या पुढे असाल तर मात्र नियम वेगळे आहेत. विमा कंपनीशी निघण्याआधीच बोलून घ्या.

विमा कंपनी विद्यापीठाला थेट कळवते, त्याशिवाय नावनोंदणी पूर्ण होत नाही. पत्त्याची नोंदणी आणि चालू बँक खातं झालं की ब्लॉक्ड अकाउंटमधला पहिला हप्ता सुटतो. तोवरचा एक-दीड महिना हातातल्या पैशांवर काढायचा असतो, शिवाय घराचं डिपॉझिट, जे हीटिंग वगैरे खर्च सोडून महिन्याच्या नुसत्या भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकतं. वेगळे दोन-अडीच हजार युरो सोबत हवेतच. हे कुणी सांगत नाही.

९. राहण्याचा परवाना

तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाला आउसलेंडरबेहोर्डे म्हणतात. व्हिसा संपण्याआधी इथे राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज द्यायचा. कागद साधारण तेच: पासपोर्ट, आनमेल्डुंगचा दाखला, विद्यापीठाचा नावनोंदणी दाखला, विमा, पैशांचा पुरावा, भाडेकरार. पहिल्यांदा फी १०० युरो, पुढच्या मुदतवाढीला ९३. मे २०२५ पासून कागदी फोटो चालत नाहीत. तिथल्याच यंत्रावर किंवा मान्यताप्राप्त फोटो स्टुडिओत डिजिटल काढायचा.

"संपण्याआधी" हा शब्द महत्त्वाचा. भेटीची तारीख नंतरची मिळाली तरी चालते, अर्ज मात्र मुदतीत पोहोचलेला हवा आणि त्याचा पुरावा तुमच्याकडे हवा. मी ज्या शहरात होते तिथल्या कार्यालयाने माझ्या तीन ईमेलना उत्तरच दिलं नाही. शेवटी वर्गातल्या एका जर्मन मुलीने सांगितलं, की पोचपावतीच्या टपालाने पाठव. साडेपाच-सहा युरोंत काम झालं आणि दहा दिवसांत तारीख आली. ऑनलाइन अर्जाची सोय असेल तर पुष्टीचं पान पीडीएफ करून ठेवा.

तारीख मिळेपर्यंत व्हिसा संपत असेल तर फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा तात्पुरता कागद मागून घ्या. त्यावर तीन चौकटी असतात. कलम ८१, उपकलम ४ ची चौकट खूण केलेली असेल, तर जुना परवाना चालू आहे असं धरलं जातं, आणि भारतात येऊन परत जाता येतं. उपकलम ३ ची असेल तर त्या कागदावर जर्मनीत परत प्रवेश मिळत नाही. दिवाळीचं तिकीट काढण्याआधी ही चौकट बघा.

कार्ड मिळालं की त्यासोबतचं हिरवं पान वाचा. कामाच्या अटी त्यावर असतात. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातली सहायकाची नोकरी आणि अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप यात धरत नाहीत. मात्र स्वतंत्र व्यवसायाला परवानगी नसते. भारतातल्या ओळखीच्या कंपनीसाठी रात्री बसून फ्रीलान्स वेबसाइट करून देणं हेही त्यात येतं. "तिकडे कोणाला कळतंय" म्हणून करू नका, मुदतवाढीच्या वेळी खात्याची स्टेटमेंट मागतात.

आणखी दोन गोष्टी. परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडचा मिळत नाही, तेव्हा पासपोर्टला दीड-दोन वर्षंच उरली असतील तर इथेच नवा करून जा. आणि घरी काही कारणाने थांबावं लागलं तरी सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ जर्मनीबाहेर राहू नका, परवाना आपोआप रद्द होतो. खरंच गरज पडली तर निघण्याआधी कार्यालयाकडून लेखी मुदत घ्या.

१०. पदवीनंतर

शिक्षण पूर्ण झालं की नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा परवाना मिळतो, आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं. तो आपोआप मिळत नाही. विद्यार्थी परवाना संपण्याआधीच अर्ज द्यावा लागतो, पुन्हा पैशांच्या आणि विम्याच्या पुराव्यासकट. विद्यार्थ्याचा विमा दर इथे संपतो, खर्च वाढतो. पदवी प्रमाणपत्र छापून यायला विद्यापीठ दोन-तीन महिने लावतं. तेवढं थांबायची गरज नाही, परीक्षा विभागाकडून उत्तीर्ण झाल्याचा तात्पुरता दाखला घ्या आणि त्यावर अर्ज करा. मी थीसिस जमा केला त्याच दिवशी त्या दाखल्याची चौकशी करायला गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "निकाल तरी लागू दे ना?" मी म्हटलं, "लागेल. फॉर्म द्या."